नकार ऐकता येणारा प्रियकर

रात्रीची वेळ. कालव्याच्या कठड्यापाशी एक सव्वीस वर्षांचा माणूस एका मुलीचं बोलणं ऐकतो आहे. ओळख दोन दिवसांची. पहिल्याच रात्री तिने अट घातली होती की माझ्या प्रेमात पडायचं नाही. तो पडला आहे. आणि आता तिच्या तोंडून त्याला कळतं आहे की ती दुसऱ्याच कुणाची वाट पाहते. तो दुसरा वर्षभराने परत येईन असं सांगून गेला होता. शहरात आल्याची खबर आहे, पण भेटायला आलेला नाही. अशा वेळी हा काय करतो? तिला म्हणतो, त्याला पत्र लिही. पत्रात काय लिहावं ते सुचवतो. आणि ते पोचवण्याचं काम स्वतःकडे घेतो.

दोस्तोव्हस्कीच्या १८४८ सालच्या ‘श्वेत रात्री’ या कथेतला हा स्वप्नाळू माणूस. त्याला नाव नाही. मुलीला आहे: नास्तेंका. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट थांबवते. त्याची ओढ खरी आहे, खोटी नाही, सौम्यही नाही. तरीही तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला आपल्या ओढीच्या आधी दिसतं.

आपल्या भाषेत अशा माणसाला एकतर्फी प्रेम करणारा म्हणतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते. ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द बातमीच्या मथळ्यात दिसले की पुढचा शब्द काय असणार ते आपल्याला पाठ झालं आहे. हल्ला. खून. ॲसिड. इतक्या वर्षांच्या मथळ्यांनी या शब्दांवर असा काही डाग पाडला आहे की कथेतला एखादा माणूस कुणाची न मिळणारी आस धरून बसलेला दिसला, तरी आजच्या तरुण वाचकाच्या मनात आधी संशय उभा राहतो. हा तिच्या मागे का लागला आहे? तिला त्रास होत नसेल का? हा प्रश्न योग्यच आहे, आणि तो विचारायला शिकलेल्या पिढीचा मला आदर वाटतो. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या दारात उभं राहून राहून शेवटी होकार मिळवणारा नायक आपण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतला. त्याची किंमत मुलींनी मोजली. त्यामुळे पूर्वीचं हळवेपण बरं होतं, आता सगळं कोरडं झालं, असं रडगाणं मला गायचं नाही.

पण त्या संशयाने आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं आहे, आणि त्यातल्या एकाची आपल्याला फार गरज आहे. ज्याला हवं ते मिळालं नाही, मिळणार नाही हे ज्याने ऐकलं, आणि ऐकल्यानंतरही ज्याला समोरची व्यक्ती माणूस म्हणून दिसत राहिली, तो माणूस तरुणांच्या वाचनातून हद्दपार झाला तर नकार पचवण्याचा नमुना त्यांना कुठे भेटणार?

हा पेच नवा नाही. आपल्या काव्यशास्त्राने तो फार पूर्वी ओळखला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात विरहाचा शृंगार आणि करुण रस यांच्यातली रेघ स्पष्ट आखलेली आहे: करुण निरपेक्ष, म्हणजे आशा संपलेला, विप्रलंभ (विरहाचा शृंगार) सापेक्ष, म्हणजे आशेचा धागा शिल्लक असलेला. मग ज्याचा धागा कधी जुळलाच नाही त्याचं काय? चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात उत्तर दिलं आहे. प्रेम दोघांच्याही मनात नसेल, एकाच बाजूला असेल, तर तो रस नव्हे, रसाभास, म्हणजे रसाचा नुसता आभास. कारण त्यात अनौचित्य आहे. रसाभासाच्या चर्चेत नेहमी येणारं उदाहरण कोणतं, तर रावणाला सीतेची वाटणारी अभिलाषा.

मला हे वाचून त्या जुन्या पंडितांविषयी आदरच वाटला. मागे लागणारा कितीही गोड शब्दांत बोलला तरी त्याच्या शब्दांना शृंगार म्हणायचं नाही, हा निर्णय सोपा नव्हता. शब्दांचं सौंदर्य मान्य करून तो घेतलेला आहे. पण त्यांच्या मांडणीत एक जागा रिकामी राहिली. एकट्यानेच प्रेम करणारा आणि ते ओळखून बाजूला होणारा माणूस त्यांच्या समोर नव्हता. ती जागा भरली एकोणिसाव्या शतकातल्या कथेने. मोठ्या कादंबरीला चारशे पानांत त्या ओढीचं काहीतरी करावंच लागतं, ती पुरी तरी करायची नाहीतर माणसाला उद्ध्वस्त तरी करायचं. कथा ओढीपाशीच थांबू शकते. मला वाटतं अपुरेपणा आणि कथा यांचं इतकं जमलं ते यामुळेच.

आणखी एक रिकामी जागा आहे, आणि ती अजूनही पुरती भरलेली नाही. नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका आठवून पाहा. वासकसज्जा सजून वाट पाहते, विरहोत्कंठिता तळमळते, खंडिता रागावते, अभिसारिका स्वतःहून भेटीला निघते. आठही जणींची ओळख प्रियकराशी असलेल्या नात्यावरून. त्यांत ‘मला तू नको आहेस’ असं म्हणणारी नववी नाही. तिला नावच नाही.

हे केवळ साहित्यातलं निरीक्षण म्हणून सोडून देता येणार नाही. १९९३ मध्ये रॉय बाउमायस्टर, सारा वॉटमन आणि आर्लिन स्टिलवेल या मानसशास्त्रज्ञांनी एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंची निवेदनं गोळा करून अभ्यासली: ज्यांनी प्रेम केलं त्यांची, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचीही. आपला समज असा की दुःख सगळं पहिल्या बाजूला. आढळलं उलट काहीतरी. प्रेम करणाऱ्यांच्या आठवणी कडूगोड होत्या. नाकारणाऱ्यांच्या आठवणींत गोडवा कमी, अपराधीपणा आणि वैताग जास्त. आणि या अभ्यासकांनी एका गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं. प्रेम करणाऱ्याकडे संहिता तयार असते. त्याने काय करावं, कसं झुरावं, किती प्रयत्न करावेत, हे गाण्यांनी आणि गोष्टींनी त्याला पढवलेलं असतं. नाकारणाऱ्याकडे संहिता नसते. दुखवायचं तर नाही, खोटी आशाही द्यायची नाही, मग बोलायचं काय? तो संवाद कुणी लिहूनच ठेवलेला नाही.

या अभ्यासावरून मला पुढचं पाऊल टाकायचं आहे. प्रेम करणाऱ्याला मिळालेली संहिताही अर्धीच आहे. नकार येईपर्यंत ती त्याला साथ देते. नकारानंतर तिच्यात दोनच पानं सापडतात, पुन्हा प्रयत्न कर किंवा संपून जा. दुसऱ्यांदा विचार, दहाव्यांदा विचार, नाहीतर मर. बातम्यांमध्ये आपण वाचतो ते याच दोन पानांतून निघालेलं असतं. तिसरं पान ज्या कथांनी लिहिलं त्यांच्यासाठी मी भांडतो आहे.

ते पान कसं असतं हे कळायला आधी त्याच्या विरुद्ध उदाहरण पाहावं. जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ १७७४ ची. कथेपेक्षा लांब, छोटी कादंबरीच, पण हळव्या प्रियकराचा सगळ्यात प्रसिद्ध साचा तिथेच घडला. युरोपातली तरुण मुलं त्याच्यासारखा निळा कोट घालू लागली. लाइप्झिगमध्ये पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी आली. अनुकरणातून होणाऱ्या आत्महत्यांना १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी याच वेर्थरचं नाव दिलं. वेर्थर हळवा आहे यात शंका नाही. झाड पाडलेलं त्याला सहन होत नाही. पण शेवटच्या भेटीत, तो जिच्यासाठी झुरतो त्या विवाहित लोटेने त्याला येऊ नकोस असं सांगितलेलं असताना तो येतो, तिला मिठीत ओढतो, आणि तिला शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं लागतं. नंतर तो स्वतःला संपवण्यासाठी तिच्या नवऱ्याची पिस्तुलं मागून घेतो, आणि ती तिच्या हातून आली याचा त्याला आनंद होतो. थांबून विचार करा. ज्या बाईवर प्रेम आहे तिच्या हातावर आपला मृत्यू ठेवून जाणं, आणि त्यात धन्यता मानणं. वेर्थरला सगळ्या जगाची वेदना जाणवते, फक्त लोटेला उद्या काय वाटेल हे जाणवत नाही.

हळवेपणा आणि परकायाप्रवेश, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरून पाहणं, यांत हे अंतर आहे. हळव्या माणसाला स्वतःचं मन फार ऐकू येतं. परकायाप्रवेशासाठी स्वतःच्या कायेतून थोडं बाहेर पडावं लागतं.

‘श्वेत रात्री’ कडे परत येतो. तिथे नास्तेंकाला कथेत किती जागा मिळाली आहे पाहा. ‘नास्तेंकाची हकिगत’ असं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. आंधळी आजी तिचा झगा आपल्या झग्याला टाचणीने अडकवून ठेवते, ती घरातल्या भाडेकरूच्या, म्हणजे त्या दुसऱ्या माणसाच्या, ओढीने बोचकं बांधून त्याच्या खोलीत जाऊन उभी राहते, हे सगळं आपण तिच्या तोंडून ऐकतो. त्या माणसाची ओढ जितकी मोठी तितकीच तिची. तो स्वतःविषयी लांबलचक, नटलेलं बोलतो तेव्हा ती त्याला सांगते, तुम्ही पुस्तकातून वाचल्यासारखे बोलता. किती नेमकं! एकटेपणात पुस्तकी झालेल्या माणसाला एक मुलगी जमिनीवर आणते, आणि तो येतो.

तो काही देवमाणूस नाही. चौथ्या रात्री न राहवून तो मन उघडं करतो. भाडेकरू आता येणार नाही असं वाटून तीही त्याला होकार देते. दोघं खोली कुठली घ्यायची याच्या गप्पा मारू लागतात, आणि त्याच वेळी तो दुसरा माणूस रस्त्यात समोर येतो. नास्तेंका धावत त्याच्याकडे जाते, परत येऊन याला एकदा कवटाळते, आणि निघून जाते. सकाळी तिचं माफी मागणारं पत्र, पुढच्या आठवड्यात लग्न. दोस्तोव्हस्की त्याचं दुःख झाकत नाही. खोलीच्या भिंती काळवंडतात, तिथेच एकटा म्हातारा होत गेलेला तो स्वतःला दिसतो. आणि या अंधारातून तो तिच्या वाट्याला निरभ्र आकाश मागतो. तिने आपल्याला फसवलं असं म्हणायला त्याच्याकडे कारण होतं. त्याने ते वापरलं नाही.

कुणी म्हणेल, हा दुबळेपणा झाला. मला तसं वाटत नाही. हातात कारण असताना ते खाली ठेवायला ताकद लागते.

चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही १९१५ ची हिंदी कथा आपल्याकडेही पुष्कळांनी वाचलेली असेल. अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलीला रोज चिडवून विचारतो, तुझी सोयरीक झाली का? एक दिवस ती सांगते, हो, झाली. आणि घरी जाताना हा मुलगा काय काय करतो! एका पोराला गटारात ढकलतो, फेरीवाल्याची दिवसभराची कमाई सांडतो, कुत्र्याला दगड मारतो. गुलेरींचा मोठेपणा मला इथे दिसतो. दुखावलेल्या मनातून राग येतो हे त्यांनी लपवलं नाही. प्रश्न राग येण्याचा नव्हताच. पंचवीस वर्षांनी तोच लहनासिंह, आता फौजेतला जमादार, त्या मुलीला सुभेदारीण म्हणून भेटतो, ती नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ म्हणून पदर पसरते, आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकात तो आपल्या अंगावरचे गरम कपडे तिच्या आजारी मुलाला देतो. मधल्या पंचवीस वर्षांत त्या रागाचं काय झालं हे कथा सांगत नाही. आपणच ते भरून काढतो.

या कथेवर माझं प्रेम आहे, तरी एक धास्ती आहे. लहनासिंह शेवटी जखमांनी मरतो, आणि वाचणाऱ्या मुलाच्या मनावर असं ठसू शकतं की प्रेमाचा पुरावा म्हणजे मरण. कथा शिकवणाऱ्याने इथे सावध राहायला हवं. त्याची थोरवी मला त्या थंडीतल्या कपड्यांत दिसते. मरण युद्धाने आणलं.

आता सगळ्यात अवघड उदाहरण, आणि ते माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणणारं. चेखवच्या १८९८ च्या ‘प्रेमाविषयी’ या कथेत अल्योखिन नावाचा जमीनदार आना अलेक्सेयेव्हना या विवाहित बाईवर वर्षानुवर्षं मूकपणे प्रेम करतो. तिचंही त्याच्यावर आहे, दोघांनाही ते ठाऊक आहे. तो बोलत नाही, कारण तो विचार करतो. तिच्या भल्या नवऱ्याचं काय होईल, मुलांचं काय, मी तिला कुठे नेणार, माझं आयुष्य असं सामान्य. प्रत्येक विचार दुसऱ्याची काळजी करणारा. परकायाप्रवेशाची मी आत्ताच इतकी स्तुती केली. इथे तो भरपूर आहे. आणि तरी शेवटी, आगगाडीच्या डब्यात निरोप घेताना, जेव्हा ते दोघं पहिल्यांदा आणि शेवटचं एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा अल्योखिनला कळतं की आपल्याला अडवणारं ते सगळं किती क्षुल्लक होतं.

चुकलं कुठे? मी ही कथा पुष्कळदा वाचली आणि मला एवढंच सुचलं: त्याने तिच्या वतीने सगळे प्रश्न विचारले, तिच्या वतीने सगळी उत्तरं दिली, आणि तिला एकदाही विचारलं नाही. तिचं मन ओळखलं, पण ते बोलून दाखवायची संधी तिला दिली नाही. दरम्यान तिचा स्वभाव चिडका होत गेला, मज्जातंतूंवर उपचार सुरू झाले. दुसऱ्याचं मन जाणणं हे दुसऱ्याच्या बोलण्याला पर्याय होऊ लागलं की त्यातूनही एक प्रकारचा अन्याय घडतो. मागे लागणारा माणूस ‘नाही’ ऐकत नाही. अल्योखिनने ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायची वेळच येऊ दिली नाही. ओढ बोलून दाखवावी की गिळावी, असा प्रश्न तरुण मुलं विचारतात तेव्हा मी म्हणेन, विचारा. एकदा, साध्या शब्दांत, आणि उत्तर काहीही येऊ शकतं हे मनाशी धरून. मग आलेलं उत्तर ऐका.

चेखवचाच १८८७ मधला ‘चुंबन’ या कथेतला लाजाळू तोफखाना अधिकारी र्‍याबोविच इथे ओझरता आठवतो. अंधाऱ्या खोलीत चुकून कुणीतरी त्याचं चुंबन घेतं, आणि ती कोण हे न कळल्यामुळे तो एकीचे खांदे, दुसरीचं कपाळ असं जुळवून मनातच एक बाई घडवतो. त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. पण त्या ओढीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतंच, आणि चेखवला ते माहीत होतं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येणार: कथा वाचून माणूस सुधारतो का? २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता की वाङ्मयीन कथा वाचल्यावर दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढते. त्याचा खूप गाजावाजा झाला. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम सापडला नाही. तेव्हा एका बैठकीत कथा वाचा आणि सहृदय व्हा असा दावा मी करणार नाही. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. नकार मिळालेल्या मुलाला त्या रात्री डोक्यात काहीतरी हवं असतं, एखादं वाक्य, एखादा माणूस, जो याच ठिकाणी उभा होता आणि ज्याने काहीतरी केलं. आज त्याच्या डोक्यात मथळ्यांतला माणूस आहे, पडद्यावरचा हट्टी नायक आहे. पत्र पोचवायला निघालेला माणूसही तिथे असावा.

त्यासाठी काही गोष्टी लगेच करता येतील. बातमी लिहिणाऱ्यांनी ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द सोडून द्यावेत. नकाराचा सूड म्हणून केलेला हल्ला हा नकाराचा सूड आहे. त्याला प्रेमाचं नाव दिल्याने हल्लेखोराला कारुण्याची एक किनार मिळते आणि जिच्यावर हल्ला झाला ती त्या प्रेमाचं निमित्त होऊन बसते. शिक्षकांनी आणि आईवडिलांनी अशा कथा संशयापोटी बाजूला ठेवू नयेत. मुलांबरोबर वाचाव्यात आणि तो किती झुरला याच्या जोडीने तिला काय हवं होतं, हे कथेत कुठे कळतं, ते विचारावं. जिथे ते कळतच नाही, तिथे तेही मोकळेपणाने बोलावं. आणि लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं आहे. त्या नवव्या नायिकेला, आणि तितक्याच अवघडलेल्या नायकालाही, बोलू द्या. कुणाचं तरी मनापासूनचं प्रेम नको असताना, त्या माणसाविषयी जिव्हाळा असताना, नाही म्हणावं लागणं, याची कथा त्या माणसाच्या आतून लिहा.

‘उसने कहा था’ च्या शेवटी लहनासिंह निरोप धाडतो की तिने सांगितलं होतं ते मी केलं. निरोप तिच्या नवऱ्यानेच न्यायचा आहे. मग वर्तमानपत्रातल्या यादीत एक ओळ येते, लहनासिंह जखमांनी मेला, आणि कथा तिथे थांबते. तो निरोप सुभेदारणीला मिळाला तेव्हा ती कुठे होती, कुणासमोर रडू शकली, की रडूच शकली नाही, नवऱ्याने विचारलं असेल तेव्हा काय म्हणाली, यातलं काही आपल्याला ठाऊक नाही. मला ती दुपार वाचायची आहे.